भांडता येईल असा देश

काल मायने फोन टँकरच्या दिशेने धरला. "ऐक," म्हणाली, "पुन्हा सुरू झालं." घागरींचा खडखडाट ऐकू आला. कुणीतरी कुणाला "सरक की बे" म्हणत होतं. मधेच एक म्हैस ओरडली आणि मग नुसतं पाणी पडल्याचा आवाज, पत्र्याच्या टाकीत, पोकळ. इथे आयर्लंडमध्ये माझ्या खिडकीबाहेर आज अकरावा दिवस पाऊस आहे. बारीक, न थांबणारा, कुणाची वाट न पाहणारा. त्या पावसाकडे बघत मी फोन कानाला लावून उभी होते. चार वर्षांनी जनावरांची छावणी पुन्हा उघडली आहे, सिरसाळ्याच्या रस्त्यालगतच्या त्याच माळावर.

चार वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात मला एक देश निवडायचा होता.

असं म्हटलं की लोकांना वाटतं, काय नशीब. भूगोलाचं पुस्तक उघडायचं आणि बोट ठेवायचं. मला आठवतं ते बोट घामानं ओलं होतं. मी चोवीस वर्षांची होते, नर्सिंग शिकून परळीतल्या एका खासगी दवाखान्यात लागले होते, आणि माझ्यासमोर तीन देश होते. त्यांपैकी एकाचीही मला ओढ नव्हती. मला फक्त जायचं होतं. कुठे, हा प्रश्न भीतीला पडत नाही. तो माणसाला पडतो, आणि त्या महिन्यात माझ्यात माणूस कमी आणि भीती जास्त होती.

भीतीचं मूळ एका पत्रकात होतं. मी पत्रकांवर वाढले. अण्णा, म्हणजे माझे वडील, गावच्या सहकारी दूध संस्थेचे सचिव. तरुणपणापासून मोर्चे, मेळावे, सभा, आणि प्रत्येकाचं पत्रक. घरात एक लोखंडी पेटी होती, तिच्यात कपड्यांऐवजी पत्रकं. माझ्या वह्यांना त्यांचीच कव्हरं असायची. मी 'कमळ' आणि 'बदक' वाचायच्या आधी 'सभासद' आणि 'एकजूट' वाचलं. जोडाक्षरं मला 'हक्क' या शब्दानं शिकवली. त्यामुळे लिहिणं म्हणजे कुणाला तरी काही तरी मागणं, हे माझ्या हाताला लहानपणीच लागलं होतं. वर्गातल्या मुली निबंधात सूर्योदय लिहायच्या, मी शेवटी मागण्या लिहायचे. बाई हसायच्या आणि चार मार्क कापायच्या.

त्या वर्षी दूध संस्थेचे कॅन पालथे घालून ठेवले होते. जनावरं छावणीत गेली होती आणि जनावरांबरोबर माणसंही. बाजा, चुली, शेळ्या, साड्या बांधून केलेली सावली. जमिनीला इतक्या भेगा होत्या की रात्रीची राहिलेली भाकरी हातातून पडली तर शोधावी लागे. कपिलधारच्या धबधब्याची धार, माय सांगायची, कड्यावर पडलेल्या डागासारखी उरली होती. छावणी चालवायची ती आमच्याच भागातली एक मोठी सहकारी संस्था, आणि तिचे चेअरमन म्हणजे ज्यांचं नाव न घेता सगळे 'साहेब' म्हणतात ते. छावणीचा टँकर रोज उशिरा यायचा. तो आधी कुठं रिकामा होतो हे सगळ्यांना माहीत होतं, कारण साऱ्या माळावर हिरवी अशी एकच गोष्ट होती, साहेबांच्या मेव्हण्याची डाळिंबाची बाग.

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट मी लिहिली, एवढंच. गुलाबी कागदावर, एका बाजूला, खाली माझ्या नावानिशी. शेवटची ओळ होती, 'आम्ही पाणी मागणार आणि आम्ही गाव सोडणार नाही.' छावणीतल्या एका बाभळीखाली उभं राहून ते मी मोठ्यानं वाचूनही दाखवलं. टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्यांचा आवाज अजून आवडतो आणि त्याची लाजही वाटते.

आठवड्यानं दवाखान्यात मला सांगितलं की काही दिवस सुट्टी घ्या. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा माणूस घरी आला. त्याला सगळे तात्या म्हणतात. पांढरे कपडे, हळू आवाज. धमकी कशी असते याची माझी कल्पना पत्रकांतून आलेली होती, तिथे धमकी देणारा नेहमी गुरगुरायचा. तात्यानं चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या. मायनं दिलेला चहा घेतला. साखर बरोबर आहे म्हणाला. मग खिशातून माझं पत्रक काढून त्याची घडी मांडीवर सरळ केली.

"लई चांगलं लिवती तुमची पोरगी, अण्णा. साहेबांनी अक्षर न अक्षर वाचलं."

अण्णांनी त्याची रिकामी कपबशी उचलून बाजूला ठेवली.

"अशा हुशार पोरी हितं कशाला सडवायच्या? परदेशाची इंग्रजीची परीक्षा दिलीय म्हणं ताईनं. साहेब म्हणले, आपल्या भागाचं नाव होतंय, काय लागंल ती मदत करू. फकस्त लौकर पाठवा. दिवस चांगले न्हाईत."

परीक्षा मी वर्षापूर्वी दिली होती, दवाखान्यातल्या दोन मैत्रिणींच्या नादानं. ती गोष्ट घरी आणि त्या दोघींना सोडून कुणाला माहीत नव्हती.

जाताना त्यानं पिशवीतून शाल काढली, नारळ काढला, आणि माझा सत्कार केला. माझ्या खांद्यावर शाल घालताना त्याचा हात जरा जास्त वेळ थांबला, फार नाही, मोजता येईल इतकाच. आमच्याकडे दहावीत पहिली आली की सत्कार, फौजेतून परत आला की सत्कार, निवडून आला की सत्कार, पडला तरी सत्कार. शालीला कुणी नाही म्हणत नाही. मीही वाकून नमस्कार केला. ते माझं वाकणं मला आजही झोपेतून उठवतं. माझ्या पाठीनं माझ्याआधी तडजोड केली होती.

त्या दिवसापासून आमच्या गल्लीत वळणारी प्रत्येक मोटारसायकल मी आवाजावरून ओळखायला शिकले. दूधवाल्याची खोकते. सरपंचाच्या पुतण्याची फुत्कारते. अनोळखी आली की मी कडीवर हात ठेवून उभी राहायचे आणि ती पुढं जाईपर्यंत दार उघडायचे नाही. कुणी काही केलं नाही. कुणी दगड मारला नाही, शिवी दिली नाही. किराणा दुकानदार आधी माझ्याशी पाऊण तास बोलायचा, तो आता सुटे पैसे देताना वर बघेना. एवढंच घडलं. ज्यांच्यासाठी लिहिलं त्या छावणीतले काही लोक मला पाहून बैलाला काही तरी झाल्यासारखे बैलाकडे वळायचे. मी त्यांना दोष देत नाही. बैलांना चारा तिथूनच मिळत होता.

शहरातल्या परदेशी नोकरीच्या एका मार्गदर्शन केंद्रात मी गेले, तिथल्या सरांनी तीन फायली पुढ्यात ठेवल्या. आखातातला एक देश: पंचवीस दिवसांत विमान. जर्मनी: आधी वर्षभर भाषा शिका. आयर्लंड: परीक्षा झालीच आहे, पण कागदपत्रांना आठ महिने, कदाचित जास्त. "कुठं टाकू नाव?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सोमवारी सांगते.

घरी प्रत्येकानं आपापल्या परीनं देश निवडला. मायनं आखात निवडलं, कारण तिथून विमान दुपारी निघालं की संध्याकाळी मुंबई, आणि कारण पंचवीस दिवस. ती ते पंचवीस दिवस बोटांवर मोजायची आणि मोजताना माझ्याकडे बघायची नाही. अण्णांनी पेटी उघडली. तळाशी हात घालून त्यांनी एक पिवळं पडलेलं पत्रक काढलं, त्यांच्याही तरुणपणाच्या आधीचं. त्यात लिहिलं होतं की आयर्लंडच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन लोण्याच्या सहकारी डेअऱ्या कशा काढल्या.

"आयर्लंडला जा," अण्णा म्हणाले. "सहकाराचा देश हाय."

"अण्णा, हे शंभर वर्षांपूर्वीचं आहे."

"दूध हाय ना तिथं अजून?"

माय आतून म्हणाली, "पोरगी जायलीय दवाखान्यात, आन ह्यांना म्हशीचं पडलंय."

आम्ही तिघं हसलो. त्या महिन्यातलं ते एकच हसू मला आठवतं, म्हणून लिहिते. मनातून मात्र माझं ठरलं होतं. पंचवीस दिवस. मी नकाशात तो आखातातला देश पाहिलाही नव्हता. तिथलं वाळवंट, तिथलं ऊन, काही मनात येत नव्हतं. मला तो देश म्हणजे एक बंद होणारं दार दिसत होता, ज्याच्या आत मी असेन.

रविवारी मी छावणीत गेले, रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन. सुट्टी होती तरी हात रिकामे ठेवणं मला जमत नव्हतं. गयाकाकूच्या पालावर बायका जमल्या होत्या. गयाकाकू आमच्या शेजारची. दरसाल दसऱ्यानंतर बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जाणारी, नवऱ्यापेक्षा जास्त मोळ्या बांधणारी आणि साऱ्या टोळीत बोलायला पुढं असणारी. उन्हाळ्यात तिच्याकडे दरवर्षी हीच बैठक बसते: यंदा कोणत्या कारखान्याला जायचं. मुकादम येऊन आपल्या कारखान्याचं गुणगान करतात, पुरुष ऐकून मान हलवतात, आणि मग बायका बसून खरं ठरवतात. मी दंडाला पट्टा गुंडाळत होते आणि त्या बोलत होत्या. कुणीतरी म्हणालं, ही बी चाललीय, देश बघायलीय.

"किती हायत?" गयाकाकूनं विचारलं, कारखाने विचारावे तसं.

"तीन."

"बस. सांग एक-एक."

मी सांगितलं. बायका देशाचं नाव ऐकत नव्हत्या, त्या नावात त्यांना काही नव्हतं. त्यांनी आपले प्रश्न सुरू केले. राहायच्या जागेपासून पाणी किती लांब? आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेतं? अंधारात बाहेर जावं लागलं तर बाईला धोका हाय का? मुकादम पिऊन येतो का? म्हणजे मला पाठवणारे ते सर. मी म्हटलं, पीत असतील तर मला माहीत नाही. गयाकाकूची जाऊ सुमन म्हणाली, "ते आधी बघ. चांगल्या कापडातला जास्त पितो."

मग गयाकाकूनं विचारलं, "मदीच घरी मयत झाली तर सोडतात का?"

सगळ्यांना माहीत होतं. गयाकाकूची आई वारली तेव्हा ती ऊसतोडीवर होती आणि तेराव्याला पोचली होती.

आखाताच्या फायलीत काय होतं ते मी आठवलं. दोन वर्षांचा करार. पासपोर्ट मालकाकडे जमा. मी हे सांगितलं तेव्हा माझाच आवाज मला बारीक ऐकू आला.

"कागद त्याच्याकडं?" सुमन म्हणाली. "मंग ते देश न्हाई, वेठ हाय."

"पण तिथं लवकर जाता येतंय," मी म्हणाले.

गयाकाकूनं माझ्या हातातला रबरी फुगा काढून बाजूला ठेवला. "भ्यायलीस का?"

"नाही."

"शेवटची ओळ लई भारी होती बाई तुज्या कागदाची. आम्ही गाव सोडणार नाही. मी दर साल सोडती." बायका हसल्या, मीही हसले, चेहरा पेटलेला असताना हसतात तसं. मग ती हळू बोलली. "एका साली पाऊसच झाला न्हाई. आमी भ्यालो. पहिला मुकादम आला, त्याचाच हात धरला. काही इचारलं न्हाई. कर्नाटकात गेलतो आमी. तिथं माझ्या बैलाच्या पायावर ट्रॅक्टर घातला त्या लोकांनी. चूक त्यांची, सगळ्यांनी बघितलं. पर भांडावं कशात? त्यांना मराठी येईना, आमाला कानडी येईना. मी उभी राहून नुसती रडले. भांडण तोंडात राहिलं की माणूस आतून सुजतंय, सहा महिने सुजलेली होते मी. भ्यालेलं माणूस पहिला आलेला मुकादम धरतंय. तू तसं करू नकोस. जिथं भांडता येतंय तिथं जा."

"हिला काय," सुमन म्हणाली, "ही तर झोपेत बी भांडती. मुका देश चालायचा न्हाई हिला."

मी गयाकाकूचा रक्तदाब पुन्हा मोजायला घेतला, कारण डोळे कुठं तरी ठेवायचे होते. पट्ट्यातली हवा सोडताना मला जाणवलं की साऱ्या पत्रकांत वाचलेला कुठलाच शब्द मला इतका नीट लागला नव्हता. स्वातंत्र्य वगैरे आम्ही लिहायचो, बटबटीत अक्षरांत. तिनं ते मोजायचं माप दिलं होतं. इंग्रजीत मी निबंध लिहू शकत होते, रोग्याचा तक्ता भरू शकत होते. चिडून बोलता येईल का, ते माहीत नव्हतं. पण शिकता येईल एवढं होतं. आणि तिथं कागद माझ्याकडे राहणार होता.

सोमवारी मी आयर्लंड सांगितलं. म्हणजे मी आठ महिने मागून घेतले. लोक म्हणतात मी धाडसानं परदेशी गेले. जाण्यात धाडस नव्हतं, जाणं हे पळणंच होतं. थोडंफार जे काही होतं ते त्या आठ महिन्यांत होतं, आणि तेही दिमाखानं काढले नाहीत मी. कडीवर हात ठेवूनच काढले. एकदा तात्या सिरसाळ्याच्या बाजारात समोर आला आणि म्हणाला, "अजून हितंच, ताई?" माझ्या हातातली कोथिंबीर गळून पडली. त्यानं ती वाकून उचलली, झटकली, आणि माझ्या पिशवीत ठेवली.

अर्जात एक रकाना होता: तुम्हाला आमच्या देशात का यायचं आहे? मी पत्रकवाली, मला वाटलं इथे तरी खरं लिहावं. मी इंग्रजीत लिहिलं की माझ्या भागात खरं लिहिलेल्या कागदाखाली नाव घालायची मला भीती वाटू लागली आहे, म्हणून मी येते आहे. केंद्रातल्या सरांनी वाचलं. ते चांगले गृहस्थ होते, माझं वाईट व्हावं असं त्यांच्या मनात नव्हतं. "मॅडम, हे वाचून त्यांना वाटेल की बाई कटकटी आहे," म्हणाले, आणि त्या ओळीवर एक सरळ रेघ ओढली. वर लिहिलं, अनुभव आणि प्रगतीसाठी. मी रेघ ओढताना पाहत होते. माझं वाक्य कुणी खोडलं की मी आजवर बोलले होते, शाळेतल्या बाईंशीसुद्धा बोलले होते. त्या दिवशी मी फक्त सही कुठं करू एवढं विचारलं.

इथे येऊन भांडले मी, एकदा. वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या बाईंना दुपारभर ओल्या चादरीवर ठेवलं होतं, आणि वॉर्डप्रमुख म्हणाल्या की नंतर बघू. मी म्हटलं, नंतर नाही, आत्ता. माझं व्याकरण कोसळलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, बरोबर आहे तुझं, चुकलं माझं. आणि चादर बदलायला स्वतः आल्या. झालं. पुढचे तीन दिवस मी खोलीच्या दाराशी आवाज ऐकत होते. कुणी तरी येईल, चांगल्या कपड्यांतलं, हळू बोलणारं. कुणी आलं नाही. चौथ्या दिवशी मी अंघोळ करताना इतकी रडले की शेजारच्या मुलीनं दार वाजवलं.

तेव्हा वाटलं, जिंकले. आता तसं वाटत नाही. इथे भांडता येतं हे खरं, पण माझं भांडण इथलं नाही. या देशात माझ्या वाट्याची ओली चादर असेल, रजेचा तक्ता असेल. डाळिंबाची बाग इथे नाही. गयाकाकूनं सांगितलेलं सगळं मी केलं, एक गोष्ट मात्र तिलाही सांगता आली नसती, की भांडता येणारा देश आणि भांडण असलेला देश वेगळे निघाले तर काय करायचं. ती दरसाल परत येते. तिचं भांडण तिची वाट बघत असतं. माझं भांडण चार वर्षं दुसऱ्यांच्या अंगावर पडून आहे.

काल टँकरचा आवाज थांबल्यावर मी मायला म्हटलं, फोन अण्णांना दे. छावणी कोण चालवतंय ते विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. तेच. टँकर आधी कुठं जातो? तिथंच. बाग आता दुप्पट झाली आहे. मी सांगितलं की मी हे सगळं लिहिते आहे, पहिल्यापासून, शालीसकट, आणि छापायला देणार आहे. पण मी इथं आहे, तुम्ही तिथं आहात. तुम्ही नको म्हणालात तर फाडून टाकते. मनात खोल कुठं तरी मला त्यांनी नको म्हणावं असं वाटत होतं. ते लपवून उपयोग नाही.

पलीकडे कुणीतरी अण्णांना वैरणीचं विचारत होतं, त्यांनी त्याला हातानं थांबवलं असावं.

"खाली नाव घालशील का?"

"घालीन."

"माझं बी घाल."

"अण्णा, तुमचं कशाला?"

"आगं, नुसतं तिकडचं नाव बघून हितं कोण भिणार हाय?"

मागून माय काही म्हणाली, ते नीट ऐकू आलं नाही. मी तिला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, कारण ती काय म्हणाली असेल ते मला माहीत होतं.

म्हणून या लेखाखाली दोन नावं आहेत. त्यातलं एक नाव उद्या सकाळी पायी छावणीत जाईल.